दीडशे डॉलरचा राक्षस

समुद्रातला राक्षस बनवायला काय काय लागते? अमेरिकेतल्या बीच डिकरसन नावाच्या नटाला विचारले असते, तर त्याने किराण्याच्या यादीसारखा कागदच हातात ठेवला असता : पाणबुड्याचा सूट, थोडे शेवाळ, भांडी घासायच्या भरपूर घासण्या, डोळ्यांसाठी टेनिसचे चेंडू, बुबुळांसाठी पिंगपाँगचे चेंडू, नखांसाठी पाइप साफ करायच्या तारा, आणि अंग बुळबुळीत दिसावे म्हणून वरून काळे मेणकापड. खर्च, साधारण दीडशे डॉलर. एवढ्या ऐवजातून जे प्रकरण उभे राहिले, ते १९६१ साली ‘क्रीचर फ्रॉम द हाँटेड सी’ या चित्रपटात शीर्षकभूमिकेत झळकले. डिकरसनने त्याच चित्रपटात अभिनयही केला. त्याचे पात्र बोलण्यापेक्षा जनावरांचे आवाजच जास्त काढते, त्यामुळे लेखकाची शाईही वाचली.

बुडालेले सोने आणि त्यामागे धावणाऱ्या टोळ्या यांवर आजवर पुष्कळ चित्रपट निघाले. त्या सगळ्यांत वास्तववादी चित्रपट हाच, असे ठामपणे म्हणायला जागा आहे. घासण्यांच्या राक्षसासकट.

ते पटण्यासाठी आधी या चित्रपटाचे निर्माता-दिग्दर्शक रॉजर कॉर्मन यांची ओळख हवी. शंभर चित्रपट काढले आणि एक छदामही बुडवला नाही, अशा अर्थाचे लांबलचक नाव आपल्या आत्मचरित्राला देणारा हा माणूस. पोर्टो रिको बेटावर कारखानदारी करणाऱ्यांना करसवलत मिळते आणि चित्रपट हासुद्धा कारखान्याचा माल धरला जातो, हे कानावर येताच त्यांनी तिकडे कूच केले. खजिन्याचा नकाशा वाचता येणे म्हणतात ते हे! तिथे त्यांनी आधी एक युद्धपट काढून घेतला आणि मग ‘लास्ट वुमन ऑन अर्थ’ स्वतः दिग्दर्शित केला. या दुसऱ्या चित्रपटाचा लेखक रॉबर्ट टाउन याची पटकथा निघायच्या दिवसापर्यंत पुरी झाली नव्हती. लेखकाला वेगळे विमानभाडे कोण देणार? मग टाउनलाच एक भूमिका दिली, एडवर्ड वेन हे टोपणनाव दिले आणि एका तिकिटात नट व लेखक दोघेही बेटावर नेले. पुढे ‘चायनाटाउन’च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळवणारा टाउन तो हाच.

युनिट बेटावर, नट हाताशी, समुद्र फुकट. एवढे सगळे तयार असताना परत जायचे? कॉर्मननी चार्ल्स ग्रिफिथ या लेखकाला फोन लावला आणि काही दिवसांत आणखी एक पटकथा मागितली. ग्रिफिथकडे कपाटात एक गोष्ट होतीच. १९५७ मध्ये ‘नेकेड पॅरडाइज’मध्ये दरोडेखोरांची एक टोळी हवाई बेटांवर गेली होती. १९५९ मध्ये ‘बीस्ट फ्रॉम हाँटेड केव्ह’मध्ये तीच टोळी बर्फात गेली आणि तिच्या मागे एक राक्षस लागला. आता तिला पाण्यात ढकलायचे, एवढेच बाकी होते. आपल्याकडच्या मालिकावाल्यांनी उगाच संकोच करू नये. ही परंपरा जुनी आहे.

गोष्ट अशी. क्यूबात क्रांती झाली आहे. जुन्या राजवटीचा एक जनरल आणि त्याची माणसे सरकारी तिजोरीतले सोने घेऊन पळताहेत आणि रेन्झो कॅपेटो नावाच्या अमेरिकन गुंडाच्या बोटीतून निघाली आहेत. कॅपेटोचा बेत साधा : क्यूबन माणसे एकेक करून मारायची आणि बोंब ठोकायची की समुद्रातल्या राक्षसाने खाल्ली. अडचण एकच, समुद्रात खरोखरच राक्षस निघतो. बोटीवर एक्सके-१५० नावाचा अमेरिकन गुप्तहेरही आहे; त्याच्या डोळ्यांदेखत सगळे घडते आणि त्याला काही उमगत नाही. कॅपेटो उथळ पाण्यात मुद्दाम बोट बुडवतो, म्हणजे सोने नंतर सावकाश काढता येईल. मग गुंड बुडी मारतात, क्यूबन बुडी मारतात, एकमेकांवर डोळा ठेवतात आणि एकेक जण वर येईनासा होतो.

शेवटी समुद्राच्या तळाशी राक्षस सोन्याच्या पेटीवर बसलेला दिसतो. आजूबाजूला सांगाडे, आणि हा दात कोरतो आहे. गुप्तधनावर नाग बसतो, हे मराठी माणसाला आजीने सांगितलेलेच असते. पण आयत्या बिळावरचा नागोबा इतक्या निवांतपणे दाखवायला कॉर्मनच लागले.

आता मोठ्या पैशाचे दाखले बघा. १९५५ मध्ये हॉवर्ड ह्यूजच्या ‘अंडरवॉटर!’चा पहिला खेळ फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्जमध्ये चक्क पाण्याखाली झाला. पाहुण्यांच्या पाठीवर हवेच्या टाक्या, समोर पडद्यावर जेन रसेल. गोष्टीपेक्षा खेळाचीच बातमी मोठी झाली. २००९ च्या दिवाळीत हिंदीतला ‘ब्लू’ आला : बहामाचे निळे पाणी, अक्षयकुमार, संजय दत्त, रहमानचे संगीत, गाण्यात कायली मिनोग, आणि बुडालेले जहाज. खजिना सापडला, प्रेक्षक त्या मानाने कमी सापडले. त्याच वर्षी कॉर्मनना मानद ऑस्कर मिळाले.

या चकचकीत चित्रपटांत एक गोष्ट हटकून खोटी असते : जो बुडी मारतो त्याला सोने मिळते. खऱ्या समुद्रात, कॉर्मनच्या चित्रपटासारखेच, असे क्वचितच घडते. ‘नुएस्त्रा सेन्योरा दे लास मर्सेदेस’ हे स्पॅनिश जहाज १८०४ मध्ये ब्रिटिशांशी झालेल्या चकमकीत बुडाले. २००७ मध्ये ओडिसी मरीन एक्स्प्लोरेशन या अमेरिकन कंपनीने त्यातली सुमारे ५ लाख ९४ हजार नाणी वर काढून फ्लोरिडाला नेली. मोहिमेचे सांकेतिक नाव ‘ब्लॅक स्वान’. स्पेन न्यायालयात गेला, पेरूनेही हात पुढे केला. २०१२ मध्ये स्पेनची दोन लष्करी विमाने येऊन सगळी नाणी घेऊन गेली. वरून स्पेनच्या वकिलांच्या खर्चापोटी दहा लाखांहून जास्त डॉलरही कंपनीच्या माथी आले. पाणबुडे ओले, वकील कोरडे.

१७०८ मध्ये कार्ताहेनाजवळ बुडालेल्या ‘सान होसे’चे अवशेष सापडल्याचे कोलंबियाने २०१५ मध्ये जाहीर केले. कोलंबिया म्हणतो, समुद्र आमचा. स्पेन म्हणतो, जहाज आमच्या आरमाराचे. एक अमेरिकन कंपनी म्हणते, जागा आधी आम्ही शोधली. बोलिव्हियातली खारा खारा जमात म्हणते, चांदी आमच्या पूर्वजांनी खाणीत मरमरून काढली. या चौघांत सर्वांत पटण्याजोगे शेवटच्याचे, आणि म्हणूनच त्याला मिळण्याची शक्यता सर्वांत कमी.

एक प्रकरण मुंबईहून निघालेले. ‘तिलावा’ हे जहाज नोव्हेंबर १९४२ मध्ये मुंबईहून आफ्रिकेकडे निघाले आणि २३ तारखेला जपानी पाणबुडीने ते बुडवले. २८० जणांचा जीव गेला. जहाजात दक्षिण आफ्रिका सरकारने नाणी पाडण्यासाठी घेतलेल्या चांदीच्या २,३६४ लगडी होत्या. २०१७ मध्ये त्या वर आल्या. मालकीबद्दल वाद नव्हता. काढणाऱ्या कंपनीला मोबदला हवा होता. मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने कौल दिला : परक्या देशाचे सरकार म्हणून दक्षिण आफ्रिकेवर हा दावा तिथे चालणार नाही. या सगळ्या धामधुमीत माणसांच्या आकड्यापेक्षा लगडींचा आकडाच जास्त वेळा छापून आला.

त्याच मे महिन्यात रॉजर कॉर्मन ९८ व्या वर्षी वारले. छदाम न बुडवणाऱ्या या माणसाच्या राक्षसपटाच्या हक्कांचे नूतनीकरण मात्र अमेरिकेत वेळेवर झाले नाही, आणि आज तिथे तो कोणाच्याच मालकीचा नाही. चित्रपट जेमतेम तासाभराचा आहे, तिकीट नाही आणि दावेदारही नाही. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बघायला हरकत नाही.