दोन ते आठ

आमच्या घरी २००६ साली ब्रॉडबँड आलं ते २५६ केबीपीएसचं. तेव्हाच्या सरकारी व्याख्येत एवढ्या वेगालाही ब्रॉडबँड म्हणत. दिवसा मोजूनमापून आणि रात्री दोन ते सकाळी आठ फुकट, असा प्लॅन. परीक्षेसाठी कधी न लावलेला दोनचा गजर मी सिनेमासाठी लावू लागलो. (सिनेमा कुठून उतरवायचो ते विचारू नका.) ७०० एमबीची फाइल त्या वेगानं उतरायला सहा तास आणि वर पाचेक मिनिटं लागतात. फुकटचे तास मोजून सहा! सकाळी आठला गाडी अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर असे आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज येई, "बंद कर ते, आठ वाजले. मीटर पडतंय!" मग उरलेल्या दोन टक्क्यांसाठी पुन्हा रात्रीची वाट.

पण एवढं जागरण करून आणलेला सिनेमा आम्ही शेवटपर्यंत बघायचो. कितीही भिकार असला तरी. अर्ध्यावर सोडणं म्हणजे पानात टाकण्यासारखं वाटे.

आता १०० एमबीपीएसची फायबर आहे. तीच फाइल छप्पन सेकंदांत येईल. वाचलेले सहा तास आम्ही काय बघायचं हे ठरवण्यात घालवतो. हिला विनोदी हवं, मुलाला भुताचं, मी नुसते ट्रेलर बघतो. आमटी निवते, ताटं धुवायला जातात, तेव्हा कुठे एक सिनेमा नक्की होतो, आणि दहाव्या मिनिटाला कोणीतरी म्हणतं, "दुसरं लाव ना." शिवाय "नेट स्लो होतं, मेल आत्ताच मिळाली" ही ऑफिसातली हुकमी थापही गेली. तिच्यासारखी दुसरी मला अजून सापडलेली नाही.

घरात वेग खरा पचवला तो आईनं. मीटरवर डोळा ठेवणारी हीच आई आता रोज अकराला नागपूरच्या मावशीला व्हिडिओ कॉल लावते आणि फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवते. इकडे ती मेथी निवडते, तिकडे मावशी मटार सोलते. पाच-पाच मिनिटं कोणीच बोलत नाही. परवा मला वाटलं कॉल चुकून चालू राहिलाय, म्हणून बंद करायला हात पुढे केला.

"अरे, असू दे," आई म्हणाली. "तिचा कुकर लागलाय, शिट्ट्या मोजतेय मी."