कोपरावरचा सीमाप्रश्न

सोरायसिसच्या डागाला काठ मोठा ठसठशीत असतो. इथवर धड कातडी, इथून पुढं लाल आणि वर चंदेरी पापुद्रे. बेळगावजवळच्या येळ्ळुरात एवढी निर्विवाद सीमा फक्त माझ्या कोपराला मिळाली आहे. गावाची सीमा, महाराष्ट्रात की कर्नाटकात, १९५६ पासून लोंबकळते आहे आणि २००४ पासून तिचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

बेळगावच्या डॉक्टरांनी कॅल्सिपोट्रिऑल लिहून दिलं. हा ड जीवनसत्त्वाचा घडवलेला भाऊबंद, स्टिरॉइड नव्हे. खालून वर येऊन झडायचं जे काम धड कातडीच्या पेशी महिनाभरात करतात, ते सोरायसिसच्या पेशी तीन-चार दिवसांत उरकतात. हे मलम त्यांची घाई आवरतं. हा शोधही गमतीचा. जपानमध्ये एका रुग्णाला हाडं ठिसूळ झाली म्हणून ड जीवनसत्त्वाचं औषध पोटात दिलं, आणि बरा झाला त्याचा सोरायसिस! १९८५ मध्ये ते छापून आलं. पुढं डेन्मार्कच्या कंपनीनं कातडीवर लावायचं मलम काढलं.

"गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतील, धीर धरा," डॉक्टर म्हणाले. येळ्ळूरकराला हे सांगावं लागतं?

धीर गल्लीला नव्हता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ड जीवनसत्त्व इकत आणलास? राजहंसगडावर उघडा बस जा, फुकट मिळतंय की!" पण २०२३ मध्ये त्या गडावर शिवरायांच्या एकाच पुतळ्याचं अनावरण दोन पक्षांनी दोनदा केलं, तिथं उघडं बसण्याइतका एकांत कुठला? तशा काकू अगदीच चुकीच्या नाहीत. उन्हातल्या किरणांनी डाग निवतात, दवाखान्यातही तसले किरण देतात. मात्र हे मलम लावून भर उन्हात बसू नये, असं डॉक्टरच बजावतात.

कुस्तीचा नाद असलेले तात्या वेगळ्याच काळजीत. "चिमूटभर काय लावालास गा? रग्गड चोळ!" आठवड्याला १०० ग्रॅमच्या वर गेलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, हे त्यांना पटेना, कॅल्शियम वाढलं तर हाडं बळकटच होणार की! लावून झाल्यावर हात धुवायचे, नाहीतर तोंडाला लागून आग होते, हे ऐकून तर त्यांनी औषधच नापास केलं.

मग पाहुण्यांतल्या एकानं खिशातून ट्यूब काढली. "चार दिवसांत साफ!" साफ होतंही, कारण आत जोरकस स्टिरॉइड असतं. डॉक्टरांच्या हिशेबानं तेही कामाचं आहे; मनानं महिनोन्‌महिने फासलं तर कातडी पातळ होते आणि एकदम सोडलं की डाग दुप्पट जोमानं उठू शकतात. २०१८ मध्ये सरकारनं अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. पाहुण्यांच्या खिशाला ती लागू नसावी.

तेव्हा कोणी मायेनं ट्यूब पुढं केली तर आधी तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन या स्टिरॉइडांतलं एखादं नाव दिसलं, तर पाहुण्यांना चहा द्या आणि ट्यूब डॉक्टरांना दाखवा.