फाडफाड इंग्रजीची भानगड

ऐकलंत का? चाकणच्या आंबेठाण चौकापासून पिंपळे सौदागरच्या टॉवरपर्यंत सगळ्यांना म्हणे इंग्रजी बोलण्याची बाधा झालीय! खांबाखांबावर 'खोली भाड्याने देणे आहे'च्या खाली 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'. फर्स्ट शिफ्ट सुटली की हाताचं ग्रीस पुरतं न धुताच पोरं क्लासला पळतात.

आणि दोष द्यायचा कुणाला, तर आपल्याच गाववाल्याला. पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आणली ती तेव्हाचे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांनी, आणि ते पडले पिंपरी-चिंचवडचेच. चिंचवडला ज्या नाट्यगृहात आपण मराठी नाटकं बघतो, त्याला नावही त्यांचंच. घ्या! तेव्हा पहिलीत बसलेली मंडळी आता तिशी ओलांडून लाइनवर सुपरवायझर झाली, तरी क्लास काही सुटेना.

त्याहून मोठी भानगड पुढेच आहे. साधं रोजचं बोलणं हासुद्धा म्हणे अभ्यासाचा विषय! सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या तिघा अभ्यासकांनी लोकांची संभाषणं टेपवर घेतली, श्वास आणि खाकरणंसुद्धा टिपलं, आणि 1974 साली निबंध छापला. त्यात काय, तर बोलताना माणसं आपापली पाळी घेतात, सहसा एका वेळी एकच बोलतो. त्यांना मोशीतल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला कुणी नेलं नव्हतं, हे उघड आहे. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकून इथे कुणाला आजवर पदवी मिळालीय का? ओट्यावरच्या किती बायका डॉक्टरेटला मुकल्या!

पण सभेतलं इंग्रजी खरंच टिपून ठेवावं असं. पाणी, लिफ्ट, गणपतीची वर्गणी सगळं मराठीत, नाहीतर हिंदीत चालतं. पार्किंगचा विषय निघाला की कुणीतरी उभं राहून 'विथ ड्यू रिस्पेक्ट' म्हणतं, आणि आता नक्की कुणाचा तरी अपमान होणार हे मागच्या रांगेतल्या आजींनाही कळतं. वॉचमनवर ओरडायला हिंदी, चेअरमनवर ओरडायला इंग्रजी. कुत्र्याला मात्र आधीपासूनच इंग्रजी.

आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या कंपनीत काय बोलतात? फोक्सवॅगन, मर्सिडीज चाकणला आल्या, त्यांच्यापाठोपाठ सुटे भाग पुरवणारेही आले. क्लासमध्ये हवामानावर गप्पा कशा सुरू करायच्या ते घोकून घेतात. लाइनवर ऐकू येतं ते असं: 'सर, टूल चेंज केला, तरी बर येतोय, जॉब रिजेक्ट.' (बर म्हणजे कापलेल्या कडेला उरणारं धातूचं कुसळ.) आलेला जर्मन पाहुणा 'बर' आणि 'रिजेक्ट' एवढ्यावर मान डोलावतो. तोही बिचारा इंग्रजी शिकला ते शाळेतच! हवामानाचा विषय कुणीच काढत नाही. मालिनोव्स्की नावाच्या पंडिताने 1923 मध्येच लिहून ठेवलंय की असलं बोलणं माहितीसाठी नसतंच, नुसती जवळीक राखायला असतं. आपल्याकडे ते काम 'काय, जेवण झालं का?' करतं, मग समोरच्याच्या हातात डबा उघडा का असेना.

आता खरी आतली गोष्ट. चाकणच्या कित्येक कंपन्यांत नवा इंजिनियर विदर्भ-मराठवाड्यातून आलेला, आणि हाताखालचा ऑपरेटर इथलाच, वयाने दुप्पट. त्यातही एखाद्याचं नशीब असं, की तो ऑपरेटरच त्याचा घरमालक! जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधल्या, त्यातल्याच एका खोलीत साहेब राहतात. अशा माणसाला शिफ्टमध्ये 'तू' म्हणावं तर संध्याकाळी पाणी बंद. 'मामा' म्हणावं तर बाकीची लाइन डोक्यावर बसते. म्हणून साहेब गुळगुळीत इंग्रजीत शिरतात: 'प्लीज चेक धिस वन्स.' मामाही मान न उचलता 'ओके सर' म्हणतात. दोघांचीही अब्रू शाबूत. दिवाळीनंतर भाडं पाचशेने वाढल्याचं मामांनी सांगितलं, ते मात्र अगदी सविस्तर मराठीत.