ऐंशी टक्के मिळाले!

परीक्षेत ऐंशी टक्के मिळाले की पेढे वाटतात. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनलाही किमान ऐंशी टक्केच लागतात, अपंगत्वाचे. बक्षीस महिना 300 रुपये, 2012 साली ठरलेलं. आज त्यात किती पेढे येतात ते हलवायालाच विचारा. कायदा चाळीस टक्क्यांपासून सवलती देतो. मधल्यांनी शब्दावर भागवायचं. 'अपंग' होते, 'दिव्यांग' झाले. बढती मिळाली की राव!

राज्याची संजय गांधी निराधार योजना त्यामानाने दिलदार. 2025 मध्ये दिव्यांगांचे दरमहा 1500 चे 2500 झाले. अट एवढीच, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला जेमतेम 4166. एवढ्यात घर कसं चालवता, असा रकाना अर्जात नाही.

आमच्या शेजारचे आप्पा लहानपणी पोलिओने पाय अधू झालेले. पेन्शनसाठी दरवर्षी कचेरीत हयातीचा दाखला द्यायला जातात. यंदा यंत्रावर अंगठा उमटेना. कारकून म्हणाला, "काका, जिवंत असल्याचा पुरावा काय?"

आप्पा घाम पुसत म्हणाले, "साहेब, कुबडी टेकत तुमचा जिना चढून आलोय. मेलेल्याला जमलं असतं का?"

कारकुनालाही हसू आलं. शिक्का मात्र जेवणाच्या सुट्टीनंतर बसला.

आणि हो, कचेरीला रॅम्प आहे. त्यावर कर्मचाऱ्यांच्या मोटारसायकली लागतात.