एक नग

भिंतीत खिळा ठोकायचा असला की आमच्या घरी सोसायटीच्या वॉचमनला हाक मारतात. मी घरात असलो तर आधी मला भाजी आणायला पाठवतात आणि मग त्याला बोलावतात. उभा जन्म बँकेत चेकवरच्या सह्या ताडून पाहण्यात गेला. तिजोरीच्या किल्ल्यांचा जुडगा हे माझ्या हातात आलेलं सर्वांत जड लोखंड. अशा माणसाला निवृत्तीनंतर जुने व्हाइस, म्हणजे वस्तू जबड्यात घट्ट धरायची लोखंडी अवजारं, दुरुस्त करण्याचं वेड लागलं, त्याला मोबाइलवरच्या त्या चित्रफिती जबाबदार आहेत, असं मी सगळ्यांना सांगतो. एक गंजका गोळा, दोन हात, तोंडातून चकार शब्द नाही, आणि वीस मिनिटांत निळाशार, लखलखीत व्हाइस! त्या हातांच्या मालकाला सासरे नसावेत.

मला आहेत. नाना लालबागच्या एका गिरणीत फिटर होते. 1982 च्या संपात गिरणी सुटली, तेव्हा पुण्याला आले आणि चिंचवडच्या एका कारखान्यात निवृत्तीपर्यंत कानस चालवत राहिले. आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, आमच्याकडेच असतात आणि शब्द मोजून वापरतात. त्यांच्यादेखत लोखंडाला हात लावायचा म्हणजे गवयासमोर गुणगुणण्यासारखं आहे. मी तरीही गुणगुणलो.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. एका ताडपत्रीवर गाड्यांचे हॉर्न, पितळी नळ, एकाच पारड्याचा तराजू मांडला होता आणि त्यांच्या गर्दीत तो बसला होता. पंधरा-वीस किलोचं धूड. नखानं गंज खरवडला तर खालून ‘रेकॉर्ड’ अशी अक्षरं निघाली, मग ‘मेड इन इंग्लंड’ आणि तीनचा आकडा. मला तिथंच घाम फुटला, कारण घरचा अभ्यास झालेला होता. चार्ल्स आणि जोसेफ हॅम्प्टन यांनी 1898 मध्ये शेफील्डला काढलेल्या कारखान्याचं हे नाव. तीन नंबर म्हणजे जबडा चार इंची. पाच नंबर म्हणजे मात्र पाच इंचीच. ‘साहेबाच्या काळचा माल आहे, साहेब,’ विक्रेता म्हणाला. एका वाक्यात दोनदा साहेब म्हटल्यावर घासाघीस कुठली होते? भंगाराच्या भावाच्या दुपटीनं मी तो घेतला, आणि रिक्षावाल्यानं त्याचं वेगळं सीट धरलं.

नानांनी चष्मा पुसला, हँडल दोनदा फिरवलं आणि म्हणाले, ‘नट गेलाय.’ मग पेपर उचलून आत गेले.

ज्यांनी आयटीआयचं तोंड पाहिलेलं नाही, त्यांना सांगायला हवं. हँडल फिरवलं की जाड, चौकोनी आट्यांचा स्क्रू व्हाइसच्या पोटातल्या नटात शिरतो आणि पुढचा जबडा मागच्या जबड्याकडे सरकतो. सगळी पकड त्या आट्यांची. माझ्या नटाचे आटे वर्षानुवर्षं झिजून नाहीसे झाले होते. स्क्रू मजेत फिरत होता, जबडा ढिम्म. इंग्लंडात जुने सुटे भाग विकणारे आहेत. पण टपालखर्च असा, की त्यापेक्षा नट स्वतः विमानात बसून आला तर परवडेल.

म्हटलं, नट मिळेपर्यंत गंज काढू. जबड्यांवरच्या पोलादी पट्ट्या सोडवताना एका स्क्रूची मुंडी तुटली आणि धड आत राहिलं. ते नंतर बघू म्हटलं. गंज काढायची एक सुरेख रीत आहे. बादलीभर पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवायचा, एका बाजूला लोखंडी सळई, दुसऱ्या बाजूला गंजकी वस्तू सोडायची आणि दोन्हींना गाडीच्या बॅटरीचा चार्जर जोडायचा. सळईऐवजी स्टेनलेस स्टील वापरायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हे पथ्य मी कटाक्षानं पाळलं आणि त्या आनंदात दुसरं विसरलो. साफ करायची वस्तू ऋण तारेला लावायची असते, सळई धन तारेला. मी लाल तार शुभ म्हणून पट्ट्यांना लावली. सकाळी बादलीत नारिंगी चिखल होता. सळई आजच कारखान्यातून आल्यासारखी चमकत होती, आणि पट्ट्यांवरची दातेरी नक्षी, वस्तू निसटू नये म्हणून कोरलेली, पार खाऊन गेली होती.

‘सळई छान निघालीय हं,’ बायको म्हणाली.

नव्या चार इंची पट्ट्या बोहरी आळीत मिळाल्या. भोकांमधलं अंतरही जुळलं, हा या कथेतला एकमेव सुदैवी प्रसंग. प्रश्न स्क्रूंचा राहिला. दुकानदारानं नमुन्याचा जुना स्क्रू बोटांत फिरवला. ‘अडीच सुती. हा आता ठेवत नाही आम्ही. आठ एमएम घ्या, तेच आहे.’ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणजे अडीच सूत 7.94 मिलिमीटर झालं. बँकेत एवढ्या फरकासाठी कुणी रात्रभर थांबत नाही. (खोटं आहे. मी थांबलो आहे.) पण गोम जाडीत नव्हतीच. जोसेफ व्हिटवर्थनं 1841 मध्ये आट्यांची जी घडी बसवली, तिच्यात आट्याचा कोन 55 अंशांचा, आणि अडीच सुती स्क्रूला इंचात अठरा आटे. मेट्रिक स्क्रूचा कोन 60 अंशांचा आणि आटे जरा दाट. त्यामुळे आठ एमएमचा स्क्रू त्या भोकात पहिले दीड फेरे अगदी सज्जनपणे जातो. मग अडतो. तिथं शहाणा माणूस थांबतो. मी पान्याला पाइप लावला.

भारतानं 1956 च्या कायद्यानं मेट्रिक मापं स्वीकारली. माझ्या व्हाइसला ते कुणी कळवलं नव्हतं, आणि आता मी बळजबरीनं कळवायला गेलो होतो. परिणामी एका भोकात साहेबाचा तुटका स्क्रू आणि शेजारच्या भोकात माझा अडकलेला. दोन्ही ड्रिल मारून काढायचे, तर जबडा हलता कामा नये. तो घट्ट धरायचा. कशात?

‘व्हाइसमध्ये,’ नाना पेपरामागून म्हणाले.

म्हणून दुसरा व्हाइस आला. जोडीदार मोठा हवा, हे ओघानं आलंच. हा यॉर्कशरमधल्या शिप्ली गावच्या पार्किन्सनचा, अंगावर ‘परफेक्ट’ असं ओतीव अक्षरांत लिहिलेला. याची करामत अशी, की खटका ओढला की नट स्क्रूला सोडतो आणि जबडा हातानं सरळ मागेपुढे सरकवता येतो; चिमूटभर लाकूड धरायला दहा फेरे मारायला नकोत. त्यासाठी याच्यात अख्खा नट नसतो, अर्धाच असतो. बाजारात मी खटका न ओढताही जबडा सर्र सर्र सरकवून पाहिला आणि यंत्र किती मऊ चालतंय म्हणून खूश झालो. घरी नानांनी उलटा करून पाहिला. अर्धा नट असायच्या जागी तो अर्धाही नव्हता.

आता ड्राय बाल्कनीत दोन व्हाइस होते. एकातही काही धरता येत नव्हतं आणि एकमेकांनाही ते धरू शकत नव्हते. वॉशिंग मशीनला वळसा घालून जावं लागे. मी मात्र रात्र-रात्र व्हाइसच वाचत पडलेला. शिकागोत 1941 मध्ये एका झेक माणसानं विल्टन नावाची कंपनी काढली. तिच्या बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या व्हाइसवर खालच्या बाजूला तारीख ठोकलेली सापडते, आणि पुष्कळदा ती बनवल्याची नसते, पाच वर्षांची हमी संपण्याची असते. लोखंडावर मुदत संपण्याची तारीख! माझे डोळे भरून आले. बायकोला उठवून वाचून दाखवलं. तिनं कूस बदलली.

अडकलेले स्क्रू शेवटी भवानी पेठेतल्या एका वयस्कर टर्नरनं काढून दिले. त्याला एवढं धरायला कोपऱ्यातला व्हाइस लागला, तो त्याच्याकडे होता, आणि व्हिटवर्थचे आटे पाडायचा टॅपही होता. चहा निवायच्या आत काम झालं. नटाचं म्हणाला, ‘आटे मी पाडून देतो. ओतून आणा.’

ओतून आणा! भोसरीत एका फाउंड्रीच्या गेटवर गेलो. तिथल्या माणसानं कागद पुढे ओढला. ‘किती नग?’ एक, म्हटलं. त्यानं पेनाचं टोपण परत लावलं. दुसरीकडे ‘वर्षाला किती नग?’ असं विचारलं, म्हणून जरा आशा वाटली. मी ‘जन्मात एक’ म्हणालो. तिथं सिक्युरिटीवाला मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. त्यांचंही खरं होतं. वाळूचा साचा मांडायला, भट्टी लावायला एका नगालाही तोच खटाटोप. आपल्या आसपासची प्रत्येक वस्तू हजारांनी जन्मते. तिला एकुलती एक मागणारा माणूस गेटवरून वेडाच दिसणार.

मग कोल्हापूर. ऑइल इंजिनांनी नावारूपाला आलेलं हे गाव बिडाच्या ओतकामात मुरलेलं आहे, शिवाजी उद्यमनगरात लहानसहान कामंही घेतात, असं ऐकलं होतं. घरी अंबाबाईच्या दर्शनाला जातो म्हणून सांगितलं. दर्शन घेतलंही, पण पिशवीत झिजका नट असल्यानं देवीपुढे नीट हात जोडता आले नाहीत.

‘किती नग पायजेत?’ फाउंड्रीचे मालक.

‘एक.’

त्यांनी आतल्या पोराला हाक मारली. ‘ऐकलंस काय रं? पावणं एक नग म्हणत्यात.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘लांबनं आलाय, मोकळं कसं पाठवायचं? डझन घ्या. डझनाला करतो.’

‘डझनाचं मी काय करू?’

‘एकाचं तरी काय करणार हाय?’

याला उत्तर नव्हतं. मी डझनाला हो म्हणालो. नमुना म्हणून झिजका नटच पुढे केला. ‘ह्योच पॅटर्न धरू? वाईच बारीक हुईल बगा,’ ते म्हणाले. मला वाटलं, कोल्हापूरकर विनयानं बोलतात. म्हटलं, बारीक चालेल, सुबक दिसेल.

नट आले. काळेभोर, अंगाला अजून वाळू, बारा. नानांनी एक उचलला, व्हर्निअर मागितला (घरात व्हर्निअर आहे हे मला तेव्हा कळलं) आणि व्हाइसच्या पोटात बसवून बोटानं हलवला. नट खुळखुळला.

‘बीड गार होताना शेकडा एक आकसतं,’ नाना म्हणाले. ‘म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. पॅटर्नवाल्याची फूटपट्टीच वेगळी असते, आकसणं धरून आखलेली.’

त्यांच्या तोंडून एका दमात एवढी वाक्यं मी लग्नातसुद्धा ऐकली नव्हती. ‘नाना, हे आधी का नाही सांगितलंत?’

‘तुम्ही अंबाबाईला निघाला होतात ना, जावईबापू.’

भवानी पेठेतल्या टर्नरनं एका नटात आटे पाडले. त्याचं लेथ जुनं, त्याचा लीड-स्क्रू इंची मापाचा, म्हणून जमलं. मेट्रिक लेथवर इंचाचे आटे बिनचूक पाडायचे तर 127 दात्यांचं गिअर लागतं, कारण 25.4 ला पाचानं गुणल्याशिवाय पूर्णांक हाती येत नाही. हा हिशेब त्यानं मला पाटीवर मांडून दाखवला, आणि मी त्यात इतका रमलो की पैसे द्यायचे विसरून निघालो होतो. ‘उरलेल्या अकरांत पण पाडून टाका,’ मी परत येऊन म्हणालो. का म्हणालो ते विचारू नये. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला घाऊक काम देत होतो.

नटाच्या आकसण्यावर नानांनीच तोड काढली. पितळेची पट्टी कापली, कानशीनं पातळ केली आणि नटाच्या दोन्ही अंगांना सारली. खालून बोल्ट आवळला. हँडल फिरलं, जबडा जबड्याला भिडला. मी टाळ्या वाजवल्या, नानांनी पट्ट्यांमध्ये कागद धरून सगळीकडे सारखा चावतोय का ते पाहिलं.

व्हाइस बसवायचाही नियम आहे. जबड्याची वरची कड काम करणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला यावी लागते. वॉचमन भोकं पाडायला आला होता. नानांनी बाकाशी उभं राहून कोपर लावून पाहिलं. स्वतःचं. मी त्यांच्याहून वीतभर उंच आहे, त्यामुळे आता मला त्या व्हाइसवर वाकून काम करावं लागलं असतं. तशी वेळ आलेली नाही. सकाळी सातपासून नाना तिथं असतात. सोसायटीतल्या कुकरची हँडलं, कुणाची कुलपं, शाळेच्या पोरांचे प्रकल्प, सगळं त्यांच्याकडे येतं. पार्किन्सनच्या अर्ध्या नटाचं रेखाटनही त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर काढून ठेवलं आहे. या वेळी शेकडा एक वाढवून.

माझ्याकडे अकरा नट. मी ते तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून, कपाटात फिक्स्ड डिपॉझिटच्या पावत्यांखाली ठेवले होते. परवा बेल वाजली. दारात हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीतला वाटेल असा तिशीचा मुलगा, गळ्यात ओळखपत्र, नखांत गंज.

‘काका, रेकॉर्ड तीन नंबरचा नट तुमच्याकडे मिळेल, असं भवानी पेठेतले टर्नर म्हणाले.’

मी चष्मा नीट केला. ‘किती नग?’

‘एकच.’

‘एक नग परवडत नाही हो,’ मी म्हणालो. बाल्कनीतली कानस थांबल्याचं मला ऐकू आलं. ‘आणि वाईच बारीक आहे, आधीच सांगतो.’

त्यानं क्षणभर विचार केला. ‘मग दोन द्या. रविवारी अजून एक बघून ठेवलाय.’