पंचवीस पैसे पॉइंट

थेरगावात डांगे चौकातून आत कुठल्याही गल्लीत वळा, एक आबा सापडतोच. टेल्कोतून रिटायर. कंपनीचं नाव 2003 साली टाटा मोटर्स झालं, पण ते आबांना कुणी कळवलेलं दिसत नाही. सकाळी बोट क्लबला फेरी, दुपारी वामकुक्षी आणि वर्षातल्या ठरलेल्या रात्री रमी. ठरलेल्या म्हणजे गोकुळाष्टमी, गणपतीचे दहा दिवस आणि कुणाकडे बाळाची पाचवी असली तर ती. एरवी खेळत नाहीत असं नाही, एरवी त्याला ‘जरा बसलो होतो’ म्हणतात.

रमी हा जुगार नाही, हे आबा तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतील. सर्वोच्च न्यायालयानं 1967 साली आंध्रातल्या एका क्लबच्या खटल्यात तसं म्हटलंय खरं. रमीत पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कुठला धरायचा आणि कुठला सोडायचा याला डोकं लागतं. तीन पत्ती मात्र निव्वळ नशीब. आबांनी निकाल वाचलेला नाही, पण कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी सांगितल्यापासून तो त्यांच्या मालकीचा झालाय. त्याच्या जोरावर ते पलीकडच्या मंडळात तीन पत्ती खेळणाऱ्यांना ‘जुगारी’ म्हणतात. निकालात पुढं अशीही अट आहे, की जागेचा मालक खेळातून कमाई करत असेल तर रमीवरसुद्धा गुन्हा लागू शकतो. या कमाईला जुने खेळाडू नाल म्हणतात. आबांच्या सतरंजीवर नाल नाही. जिंकणाऱ्यानं चहा पाजायचा, एवढंच. आणि तोही दोनदा आठवण केल्याशिवाय पाजत नाही.

भाव पंचवीस पैसे पॉइंट. डाव सुरुवातीलाच सोडला तर वीस पॉइंट, मध्येच सोडला तर चाळीस, पुरता हरला तर फुल, म्हणजे ऐंशी. म्हणजे सगळं घरदार बुडालं तरी एका डावात वीस रुपये. पंचवीस पैशांचं नाणं जून 2011 अखेर चलनातून गेलं, भाव मात्र हलला नाही. त्यामुळे सव्वानऊ रुपयांचं काय करायचं, नऊ धरायचे की दहा, यावर मंडपाच्या मागे जे रण पेटतं त्यानं गणपतीचीसुद्धा झोपमोड होत असेल. मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय आली आणि आबा खूश झाले. आता सव्वानऊ म्हणजे सव्वानऊच घेता येतात.

आबांचा खेळ बघण्यासारखा असतो. तेरा पत्ते हातात आले की आधी चष्मा पुसतात. मग पंखा करून पत्ते लावतात, ते मोडून पुन्हा लावतात, कारण मागे कोण बसलंय याचा त्यांना भरवसा नसतो. पत्ता टाकायची वेळ आली की किलवरची सत्ती अर्ध्यात उचलून तशीच हवेत धरतात आणि गोल बसलेल्यांचे चेहरे वाचतात. कुणाची भुवई जरी हलली, तरी सत्ती हातात परत. ‘आबा, सुटला पत्ता, टाका.’ ‘सुटला कुठं? बोटाला चिकटलाय की!’ इथून पुढे दहा मिनिटं कायदा, परंपरा आणि मागच्या वर्षीचा अमक्याचा पत्ता यांवर सुनावणी चालते. तेवढ्यात सगळ्यांना सगळ्यांचे पत्ते कळतात आणि डाव मोडून पुन्हा पिसतात.

आबांचा पुतण्या हिंजवडीला आयटीत. तो मोबाइलवर पोकर खेळायचा. त्यानं एकदा आबांना पोकर समजावून सांगितलं. आबा म्हणाले, ही तर आपली तीन पत्ती, कोट घालून आलेली. मग पुतण्यानं सांगितलं, की ऑनलाइन तासाला साठ-सत्तर डाव होतात, आणि तो दोन टेबलं एकदम लावतो. आबा विचारात पडले. म्हणाले, ‘आणि भांडायचं कधी?’

तरीही आबा ऑनलाइन गेलेच. 2023 च्या ऑक्टोबरात आपल्याच पिंपरी-चिंचवड पोलिसांतल्या एका उपनिरीक्षकाला ड्रीम इलेव्हन या क्रिकेटच्या ॲपवर दीड कोटी लागले आणि पाठोपाठ त्यांचं निलंबन झालं. थेरगावानं यातून आपापला बोध घेतला. आबांचा बोध असा, की रिटायर माणसाला कोण निलंबित करणार? क्रिकेट त्यांना जमण्यातलं नव्हतं, म्हणून रमीचं ॲप घेतलं.

सतरंजीवर चार आण्यांसाठी गळ्याच्या शिरा ताणणारा हा माणूस मोबाइलवर कर्णासारखा दानशूर झाला. दोन रुपये पॉइंट, एकशे साठचं फुल, डाव दोन मिनिटांत खल्लास, आणि तोंडातून ब्र नाही. काढायचा तरी कुणापाशी? समोर ना भुवई, ना चेहरा, नुसतं एक टोपणनाव. पत्ता टाकायला वेळ लावला तर ॲपच त्यांच्या नावानं टाकून मोकळं. त्याच महिन्यापासून सरकारनं खेळायला भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लावला होता, शिवाय ॲपवाल्या कंपनीची नाल वेगळी. आबांनी कशाचाच हिशेब मागितला नाही. खेळायची जागा संडास. आजींना वाटलं पोट बिघडलंय, त्यांनी इसबगोल आणून ठेवला. आबांनी तो मुकाट्यानं घेतला. हरलेल्या माणसाला दुसरं काय करता येतं?

मग 2025 चं साल उजाडलं. जुलैत राज्याच्या कृषिमंत्र्यांवर सभागृहात मोबाइलवर रमी खेळल्याचा आरोप झाला. आलेली जाहिरात घालवत होतो, असं म्हणून त्यांनी तो नाकारला. पण त्यांचं खातं बदलून क्रीडा झालं. आबा म्हणाले, ‘बघा, सरकारलाही पटलं, हा खेळच आहे.’ महिन्याभरात संसदेनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कौशल्य असो वा नशीब, दोन्ही एका दावणीला. 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. आबांच्या ॲपवरचे पैशाचे डाव थांबले, पुतण्याचं पोकरही थांबलं. 27 तारखेला गणपती बसले.

त्या वर्षी सतरंजीवर गर्दी मावेना. पुतण्याही येऊन बसला, कानात यंत्र घालून. पत्ता उचलला की टाकला, उचलला की टाकला. तिसऱ्या फेरीत शो, आणि पठ्ठ्या पैसे घ्यायला मोबाइल पुढे करून उभा. सतरंजीवर सन्नाटा. आबांनी त्याला हाताला धरून खाली बसवला, कानातलं काढून मंडळाच्या वर्गणीच्या डब्यात टाकलं आणि सांगितलं, की जिंकलेल्यानं आधी चहा सांगायचा, मग हरलेल्यांचं ऐकून घ्यायचं, आणि ते संपेपर्यंत पैशाचं नाव काढायचं नाही. पोरगं पहाटेपर्यंत बसलं आणि साडेसतरा रुपये हरलं. सत्ती सुटली होती की चिकटली होती, यावर तेही तावातावानं बोलत होतं.

त्याच रात्री अडीचच्या सुमाराला बंदोबस्तावरचे एक हवालदार मंडपात डोकावले. सगळ्यांचे पत्ते मांडीखाली गेले. एकटे आबा हातातला पंखा तसाच धरून उठले आणि 1967 पासून सुरुवात केली. आंध्रातला क्लब, कौशल्य, नशीब, आमच्यात नाल नाही, हवं तर चहाचा हिशेब बघा. हवालदारांनी शांतपणे सगळं ऐकलं. मग आबांच्या खांद्यावरून वाकून म्हणाले, ‘ते सगळं बरोबर आहे हो आबा, पण ही बदामाची राणी कशाला धरून बसलाय मघापासून?’