जीभ लावू नकोस

हसताना सावध राहावं लागतं, असे दोन महिने वर्षात येतात. मार्गशीर्ष सरता सरता पुण्यात कोरडा वारा सुटतो आणि एखाद्या चांगल्या विनोदाला मोकळेपणानं दाद द्यायला जावं, तर खालचा ओठ मधोमध उलतो. मग माणूस ओठ न ताणता, नुसता नाकातून हसायला लागतो. समोरच्याला वाटतं, वयाबरोबर हे गंभीर होत चालले. पोक्तपणा आणि फुटलेला ओठ यांतला फरक लांबून कळत नाही.

ओठांची घडणच मुळी बेसावध माणसासारखी. बाकीच्या कातडीला तेलाच्या ग्रंथी आहेत, घामाची सोय आहे. ओठाच्या लाल भागाला यातलं जवळजवळ काहीच मिळालेलं नाही. वरचा थर इतका पातळ, की आतलं रक्त बाहेरून दिसतं. त्या दिसण्यावर संस्कृत कवी बेहद्द खूश होते. पिकलेल्या तोंडल्याची उपमा देऊन देऊन त्यांनी ओठ अजरामर केले. पौषातल्या ओठाकडे मात्र एकाही महाकवीनं वळून पाहिल्याचं दिसत नाही. सुकलेलं तोंडलं भाजीवालीसुद्धा बाजूला काढून ठेवते, तिथे कवींना काय बोल लावायचा!

ओठ सुकल्याची बातमी सगळ्यांत आधी कळते ती शेजारणीला, म्हणजे जिभेला. ती बिचारी लगबगीनं ओला फडका फिरवून जाते. क्षणभर फार बरं वाटतं. मग ती ओल वाऱ्यावर उडते, उडताना ओठातलं होतं नव्हतं तेही पाणी घेऊन जाते, आणि अन्न पचवण्यासाठी लाळेत असलेली द्रव्यं मागे राहून त्या नाजूक कातडीलाच चावे घेतात. ओठ आणखी सुकतो. जीभ आणखी कळवळून येते. इतक्या निर्मळ मनानं कोणी कोणाचं इतकं नुकसान केल्याची उदाहरणं नात्यागोत्यातच सापडतील.

यावर उपाय हवा म्हणून आपण मेडिकलच्या दुकानात जातो. माझ्या पिढीतल्या पुरुषांना तसे ओठ नसतात, तोंड असतं. त्यामुळे काउंटरवर जरा खालच्या आवाजात बोलावं लागतं. पूर्वी ‘ओठांना लावायचं काहीतरी द्या’ म्हटलं, की दुकानदार मान वर न करता बोरोलीनची हिरवी ट्यूब काढून ठेवायचा. १९२९पासून कलकत्त्यात तयार होणारं ते क्रीम कापलं, भाजलं, फुटलं, सगळ्याला चालायचं. निवड नव्हती म्हणून घोळही नव्हता. आता काउंटरवरची मुलगी विचारते, “काका, फ्लेवर कोणता?” आणि समोर फळबाग मांडते. स्ट्रॉबेरी, चेरी, पीच. “पुरुषांसाठी वेगळा आहे,” असं म्हणून ती एक काळी नळी पुढे करते. मेण तेच, फक्त बाहेरून ते मोटारसायकलचा सुटा भाग वाटेल अशी दक्षता घेतलेली. शेजारी पुदिन्याचा असतो, कापराचा असतो. तो लावला की ओठ गारठून झिणझिणतात आणि आपल्याला समाधान वाटतं, कारण झोंबतं ते लागू पडतं ही आपली जुनी श्रद्धा. खरं तर पुदिना, कापूर, दालचिनी ही मंडळी फुटलेल्या ओठाला डिवचतात. पण माझी खरी हरकत आहे ती स्ट्रॉबेरीवर. ज्या दुखण्याचं मूळच ओठ चाटण्यात, त्याच्यावरचं औषध चविष्ट कशासाठी करायचं? हे मलम राहिलं नाही, चाटण झालं.

आमच्या घरी या दुखण्यावरचा पहिला उपचार बेंबीवर व्हायचा. रात्री अंथरुणावर पडलं, की आई तेलाचं बोट घेऊन यायची. बेंबी ही जन्मतःच बंद झालेली वाट. तिथून निघालेलं तेल कोणत्या मार्गानं ओठांपर्यंत पोचतं, हे विचारण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. शिवाय खोबरेल थंडीत ऐन गरजेच्या वेळी बाटलीत गोठून बसलेलं असायचं. ते वितळेपर्यंत आई उशाशी बसून बाटली तळहातांत फिरवत राहायची. त्या तेलानं ओठ बरे होत असतील असं मला आज वाटत नाही. तेवढा वेळ मी बडबड थांबवून निमूट पडायचो, हे मात्र खरं.

दुसरा उपचार लोण्याचा. ताक घुसळून झालं, की आजी बोटाला राहिलेलं लोणी ओठांवरून फिरवायची आणि वर बजावायची, “जीभ लावू नकोस हं!” तिची पाठ वळेपर्यंत लोणी पोटात गेलेलं असायचं. तेव्हा तिनं माहेरची मुठेलं काढली. कोकमाच्या बिया कुटून, पाण्यात उकळून वर येणारं तेल थिजायला लागलं, की मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. कोकणातल्या फुटक्या टाचा आणि फुटके ओठ त्यावर निभावले आहेत. मुठेल नुसत्या हाताच्या उबेला दाद देत नाही. आजी ते चुलीच्या कडेला जरा धरायची आणि मग ओठांवर टेकवायची. त्याला रंग नाही, रूप नाही आणि चाटावी अशी चव तर नाहीच. चार दिवसांत ओठ धड व्हायचे.

मुठेलाचा एक भाऊबंद तिकडे पेनसिल्व्हेनियातही होता. तिथल्या तेलविहिरींवरचे कामगार पंपाच्या दांड्यांना चिकटणारा मेणचट गाळ भाजल्या-कापल्यावर चोपडत असत. चेसब्रो नावाच्या रसायनज्ञानं तो पाहिला, शुद्ध केला आणि १८७२मध्ये व्हॅसलिनचं पेटंट घेतलं. तो म्हणे रोज चमचाभर व्हॅसलिन खायचा. जगला मात्र शहाण्णव वर्षं. आजीचं मुठेल काय, चेसब्रोचं व्हॅसलिन काय किंवा मधमाशीचं मेण काय, यांतलं कोणीच ओठाला फारसं काही देत नाही. ती वर बसून राहतात आणि आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाहीत, एवढंच. बरं व्हायचं काम ओठ स्वतःच करतो. आजाऱ्याच्या उशाशी काही न बोलता बसणारी माणसं असतात, त्या जातीचं हे औषध. म्हणून माझं मत पक्कं होतं: बिनवासाचं, बिनचवीचं, साधं घ्यावं, उन्हात फिरणाऱ्यानं एसपीएफ तीस तेवढं बघावं, बाकी फळबाग पोरीबाळींना सोडून द्यावी.

परवाच्या थंडीत अण्णांचं पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तोंडानं काहीही द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. ओठ अगदी सुकून गेले होते. सिस्टरना विचारून मी माझं साधं, शास्त्रशुद्ध मलम त्यांना लावलं. अण्णांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि तोंड वाकडं करून भिंतीकडे वळले. संध्याकाळी माझी मुलगी आली. तिनं पर्समधून गुलाबी नळी काढली आणि मी नको म्हणायच्या आत आजोबांच्या ओठांवरून फिरवली. अण्णांची जीभ पुन्हा हळूच बाहेर आली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली आणि थबकली. डोळे उघडले.

“जॅम आहे का गं?”

“नाही हो आजोबा, स्ट्रॉबेरी लिप बाम. चाटायचा नसतो तो.”

“मग लावलास कशाला?” म्हणत अण्णांनी ओठ पुन्हा पुढे केले.